देशी डुकराचा मायटोजीनोम: प्रकल्प नोंदी

५ जून

प्रस्तावाचा मसुदा समोर आहे. उद्दिष्टांत पहिलंच वाक्य, 'जातीची आनुवंशिक शुद्धता सिद्ध करणे'. जुन्या कुठल्या तरी फायलीतून उचललेलं असणार, भाषेवरून कळतं. मी त्याखाली रेघ ओढून मॅडमकडे परत पाठवलं. तंतुकणिकेतला (मायटोकॉन्ड्रियातला) डीएनए, म्हणजेच मायटोजीनोम, पिल्लाला आईकडून मिळतो, बापाकडून नाही. बाहेरून आणलेल्या नराने पाच पिढ्या कळप बदलून टाकला, तरी मायटोजीनोम पहिल्या आजीचाच राहतो. डुकरांत संकर बहुतेक ठिकाणी नरामार्फतच होतो, कारण एक नर अख्ख्या वस्तीला पुरतो. म्हणजे ज्या बदलाची सगळ्यांना काळजी आहे, नेमका तोच या पद्धतीला दिसत नाही.

मग हे करायचं कशाला? कारण या जातीचा पूर्ण मायटोजीनोम अजून कुठे नोंदलेला नाही, आणि आईकडच्या वंशावळी किती आणि कुठल्या शाखेतल्या, हे सांगायला याहून स्वस्त आणि स्वच्छ साधन नाही. तेवढंच लिहावं.

८ जून

मॅडमनी वाक्य बदललं: 'जातीतील मातृवंशांची विविधता नोंदवणे'. शुद्धतेबद्दल म्हणाल्या, 'निधी देणाऱ्यांना तो शब्द आवडतो, पण बघू.' बघू म्हणजे हा वाद पुन्हा येणार.

१२ जून

नमुन्यांचा आराखडा. एका वेतातली सगळी पिल्लं मायटोच्या हिशोबात एकच प्राणी. सख्ख्या बहिणी, मावश्या, त्यांची पिल्लं, सगळी एकच. त्यामुळे संख्या वाढवून काही साधत नाही. वेगवेगळ्या आया शोधाव्या लागतात. तक्त्यात 'वय, लिंग, रंग' या रकान्यांबरोबर 'आई कुठून आली' आणि 'आजी कुठून आली' असे दोन रकाने घातले. नराचा नमुनाही चालतो. त्याच्या अंगात त्याच्या आईचा मायटो असतोच, तो पुढे देत नाही एवढंच.

रक्त की कानाचा तुकडा? सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत ना केंद्रक, ना तंतुकणिका. सगळा भार पांढऱ्या पेशींवर आणि थोडा प्लेटलेटांवर. शिवाय डुकराची शीर सहज सापडत नाही, प्राणी दाबून धरावा लागतो आणि तो जो आरडाओरडा करतो त्याने बाकीचा कळप बिथरतो. बिल्ला मारताना कानाचा जो गोल तुकडा निघतो तो अल्कोहोलमध्ये टाकला की काम झालं. ज्यांना बिल्ला नको आहे त्यांच्याकडे रक्त घ्यायचं, तेही ईडीटीएच्या नळीत, म्हणजे ते गोठत नाही. हेपारिनच्या नळ्या पेटीतून काढूनच टाकल्या. हेपारिनही रक्त गोठू देत नाही, पण पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला, अडवतं.

१९ जून

नमुने घ्यायला सुरुवात. एका कळपातून दुसऱ्या कळपात जाताना बूट धुणं, औषधात बुडवणं, वरचा झगा बदलणं. याला वेळ खूप जातो आणि सोबतचे कंटाळतात, पण आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या बाबतीत सूट देता येत नाही. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण बुटाला चिकटलेल्या घाणीतून पुढच्या गोठ्यात पोहोचतो आणि तिथली बहुतेक डुकरं मारतो. मॉन्टगोमेरी यांनी १९२१ साली केनियातून या रोगाचं वर्णन केलं. शंभर वर्षं उलटली, तरी साथ आली की बहुतेक ठिकाणी हातात असतं ते कळप मारणं आणि वाहतूक थांबवणं. लहान देशी जातींचे मातृवंश अशा एका साथीत कायमचे जाऊ शकतात. आज नमुने घेण्याची घाई याच कारणाने आहे.

एका मावशींच्या गोठ्यात तीन काळ्या माद्या, लांब तोंडाच्या, पाठीवर उभे केस. मी विचारलं, नर कुठला?
'नर बाहेरचा. पांढरा. दरवर्षी वेगळा येतो.'
'मग पिल्लं?'
'पिल्लं आमचीच की. आई आमची आहे ना.'

मावशींचा हिशोब आणि मायटोचा हिशोब एकच. तक्त्याच्या शेवटी 'नर कुठला' हा रकाना वाढवला. सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायला, त्याचा उपयोग नाही, अर्थ लावताना होईल.

२५ जून

नमुने आले, उणे ऐंशीत ठेवले. प्रत्येकाचे दोन भाग, एक वापरायला, एक राखून.

२ जुलै

कानाच्या तुकड्यांतून डीएनए चांगला निघाला. जेलवर वर एकच जाड पट्टी. दोन रक्तांच्या नमुन्यांत खाली धूर दिसतो, म्हणजे तुटलेला, ते बाजूला.

आता पद्धत ठरवायची. पहिला मार्ग लांब पल्ल्याच्या पीसीआरचा: साधारण साडेआठ-नऊ हजार बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) दोन तुकडे, टोकं एकमेकांवर चढलेली, मिळून पूर्ण वर्तुळ. फायदा असा की केंद्रकात अडकलेल्या मायटोच्या जुन्या नकला, ज्यांना आम्ही नुम्ट म्हणतो, त्या बहुतेक आखूड असतात. एवढ्या लांब पीसीआरमध्ये त्या सहसा वर येत नाहीत. तोटा असा की प्रायमर, म्हणजे पीसीआर सुरू करून देणारा आखूड तुकडा, जिथे चिकटतो त्या जागी फरक असेल तर तो वंश दिसायचाच राहून जातो. आणि इथे तर माहीत नसलेले वंशच शोधायचे आहेत.

दुसरा मार्ग सगळाच डीएनए थोडा थोडा वाचायचा. हिशोब मांडला: डुकराचा केंद्रकीय जीनोम साधारण २५० कोटी बेस. तो एकपट, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी एकदा, वाचला आणि पेशीत मायटोच्या दोनशे प्रती धरल्या, तर केंद्रकाच्या प्रत्येक जागेच्या दोन प्रतींसमोर मायटोच्या दोनशे, म्हणजे मायटोची जवळपास शंभरपट वाचनं फुकटात मिळतात. दोनशे हा आकडाही हात राखून धरलेला. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने. मॅडमनी खर्चाचा तक्ता पाहिला आणि मान्य केलं. शिवाय केंद्रकाची जी एकपट माहिती मिळते ती फेकून द्यायची नाही, नराबद्दलचा प्रश्न कधीतरी त्यातूनच सोडवता येईल.

१० जुलै

लायब्ररी, म्हणजे यंत्राला देण्याजोगे डीएनएचे तुकडे, तयार. १५० बेसचे दुहेरी रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) मागवले. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना दोन्ही टोकांना स्वतंत्र बारकोड, म्हणजे ओळखीची डीएनए-खूण. एकाच टोकाला बारकोड लावला तर काही रीड्स शेजारच्या नमुन्याच्या खात्यात जमा होतात. इतर प्रकल्पांत ते खपून जातं, पण इथे एका वंशाचे चार रीड्स दुसऱ्यात मिसळले तर प्राण्यात दोन मायटो असल्याचा भास होईल.

६ ऑगस्ट

डेटा आला. आधी माणसाच्या मायटोशी ताडून पाहिला. नमुना घेणाऱ्यापासून नळी हाताळणाऱ्यापर्यंत सगळे माणूसच, आणि आपला मायटो १६,५६९ बेसचा, डुकराच्या बराच जवळचा. अगदी तुरळक रीड्स, चिंतेचं नाही. मग डुकराच्या संदर्भ क्रमाशी, म्हणजे १६,६१३ बेसच्या. कव्हरेज, म्हणजे प्रत्येक जागा किती वेळा वाचली गेली ते, सपाट आणि भरपूर. फक्त डी-लूप या नियंत्रक भागात एका जागी एकदम टेकडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना खड्डे. ही जागा अपेक्षितच होती.

११ ऑगस्ट

संदर्भाचा आधार न घेता असेंब्ली, म्हणजे रीड्स जोडून पूर्ण क्रम बांधणं. नोव्होप्लास्टी आणि गेटऑर्गनेल, दोन्ही प्रोग्राम चालवून पाहिले. ३७ जनुकांच्या पट्ट्यात (१३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची, २ आरआरएनएची) दोघांचा क्रम अक्षरशः एक. वर्तुळही दोघांनी बंद करून दिलं. पण एकूण लांबी जुळत नाही, आणि त्याच प्रोग्रामला थोडी वेगळी सेटिंग दिली की आणखी वेगळी लांबी येते.

कारण डी-लूपमधली आवर्तनं. डुकराच्या नियंत्रक भागात दहा अक्षरांचा एक तुकडा, सी-जी-टी-जी-सी-जी-टी-ए-सी-ए, एकापाठोपाठ एक अनेकदा येतो. पंधरा आवर्तनं झाली की १५० बेस भरले; आमचा एक रीड तिथेच संपला. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही आखूड रीड पोहोचत नाही, मग प्रोग्राम अंदाजाने मध्ये किती आवर्तनं बसवायची ते ठरवतो. बसवलेला आकडा पडद्यावर मात्र मोजल्यासारखा दिसतो.

डुकराचा पहिला संपूर्ण मायटो क्रम १९९८ साली उर्सिंग आणि आर्नासन यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी लांबी १६,६७९ दिली आणि तिथेच बजावलं की हा आकडा पक्का नाही, कारण एकाच प्राण्यातल्या वेगवेगळ्या रेणूंत आवर्तनांची संख्या वेगळी असते. त्यांनी तुकडा जी-टी-ए-सी-ए-सी-जी-टी-जी-सी असा लिहिला होता. वेगळा वाटतो, पण साखळी लांब लिहून पाहिली की दोन्ही एकच. वाचायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना पुढे कित्येक निबंधांत 'आमच्या जातीचा मायटोजीनोम इतक्या बेसचा' हे वाक्य जातीचं वैशिष्ट्य असल्यासारखं येतं. ती लांबी जातीची नसते. एका प्राण्याच्या एका नळीतलीसुद्धा ती एकच नसते.

१३ ऑगस्ट

तीन नमुने लांब रीड्ससाठी नॅनोपोअर यंत्रावर. पीसीआर न करता. आवर्तनांवर पीसीआर केलं की एन्झाइम घसरतं आणि नसलेली विविधता तयार करतं. मग प्राण्यातली कोणती आणि नळीतली कोणती, हे सांगता येत नाही.

२० ऑगस्ट

लांब रीड्स आले. एकेक रीड पूर्ण डी-लूप ओलांडून जातो. तिन्ही प्राण्यांत एक आकडा नाही, आकड्यांचा पसरट ढीग आहे. मधला भाग उंच, दोन्हीकडे उतार. यातला थोडा उतार यंत्राच्या चुकांचा, म्हणून दोन्ही दिशांचे रीड्स वेगळे मोजले. ढीग तरीही ढीगच राहिला.

ठरवलं: प्रत्येक क्रमात सर्वाधिक आढळलेली संख्या लिहायची आणि नोंदीत स्पष्ट म्हणायचं की हा भाग एकाच प्राण्यात बदलता आहे. ज्यांचे लांब रीड्स नाहीत त्यांच्यात तो भाग अनिश्चित म्हणून दाखवायचा. मॅडम म्हणाल्या, 'परीक्षक विचारतील, पूर्ण जीनोम म्हणता आणि भोक ठेवता?' विचारू देत. अंदाजाने बुजवण्यापेक्षा दिसणारं भोक बरं.

२२ ऑगस्ट

क्रमात कुठलं जनुक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, त्याच्या खुणा. मायटोस या प्रोग्रामने बरंच काम केलं, तरी एकेक जनुक हाताने तपासलं. इथे घाई चालत नाही, कारण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या मायटोची तीन-तीन अक्षरांची संकेतलिपी वेगळी: टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन; एटीए म्हणजे मेथिओनिन; आणि एजीए, एजीजी आले की थांबा. सायटोक्रोम बी १,१४० अक्षरांचं, शेवटी एजीए. नेहमीच्या लिपीने वाचलं तर ते जनुक मधल्या टीजीएवरच तुटतं आणि शेवटचा एजीए थांबा म्हणून दिसतच नाही.

काही जनुकांना पूर्ण थांबासंकेतही नसतो. नुसता टी असतो, आणि आरएनए तयार झाल्यावर त्याच्या शेपटीला ए जोडले जातात तेव्हा टीएए पुरा होतो. सॉफ्टवेअर अशा जागी पुढच्या टीआरएनएत घुसतं आणि जनुक लांबवतं. एनडी४एल आणि एनडी४ सात अक्षरं वाटून घेतात, ते बरोबर आलं. एनडी६ उलट्या पट्टीवर, तेही बरोबर. सेरीनच्या दोन टीआरएनएंपैकी एकाला डी-भुजा हा भाग नसतो. ते एका प्रोग्रामला सापडलंच नाही आणि अहवालात २१ टीआरएनए आले. सस्तन प्राण्यांत ते तसंच असतं, शोध वगैरे काही नाही.

२९ ऑगस्ट

नुम्टची शंका मिटवायची होती. केंद्रकातली नक्कल असती तर तिचं कव्हरेज केंद्रकाइतकंच, म्हणजे एकपटच्या आसपास असतं. आमचा क्रम शेकडो रीड्सवर उभा आहे. शिवाय १३ प्रथिनांत कुठेही तीन-तीन अक्षरांची चौकट मोडलेली नाही की मधेच थांबा नाही. काही जागी एक-दोन टक्के रीड्स वेगळं अक्षर दाखवतात. ते नुम्ट असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्या पातळीवरचं काहीही 'एका प्राण्यात दोन मायटो' म्हणून नोंदवायचं नाही.

५ सप्टेंबर

वंशवृक्ष. आवर्तनांचा पट्टा काढून टाकला, मूळ ठरवायला वॉर्टहॉग (आफ्रिकेतलं रानटी डुक्कर) घेतला, डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातले रानडुकरांचे आणि पाळीव जातींचे क्रम जोडले.

पाळीव डुकरांच्या मायटोत दोन मोठ्या फांद्या आहेत, एक युरोपीय, एक आशियाई. डार्विनने १८६८ सालीच कवट्यांच्या अभ्यासांच्या आधारे पाळीव डुकरांचे दोन गट पाडले होते. जिउफ्रा आणि सहकाऱ्यांनी २००० साली मायटोवरून दाखवलं की या फांद्या साधारण पाच लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. माणसाने डुक्कर पाळलं ते गेल्या दहा हजार वर्षांतलं, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळी रानडुकरं माणसाळवली गेली. लार्सन यांच्या २००५ च्या कामाने जगभरातली रानडुकरं घेऊन अशी केंद्रं दोनच नाहीत, बरीच आहेत, असं मांडलं.

आमचे बहुतेक नमुने आशियाई फांदीवर, अनेक वेगवेगळ्या डहाळ्यांवर. ही चांगली बातमी: मातृवंश एकदोन नाहीत. नमुना ११ मात्र सरळ युरोपीय फांदीवर जाऊन बसला, व्यावसायिक जातींच्या शेजारी.

आणि एक गोष्ट लगेच लिहून ठेवतो, नंतर उत्साहात राहून जाईल. आशियाई फांदी म्हणजे देशी, असं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चिनी डुकरं नेऊन स्थानिक डुकरांशी त्यांचा संकर केला गेला. त्यामुळे लार्ज व्हाइट या पांढऱ्या व्यावसायिक जातीसारख्या युरोपीय जातींतल्या कित्येक डुकरांचा मायटो आशियाई आहे. अशी एखादी पांढरी मादी इकडे आली, तर तिच्या नाती झाडावर आशियाई म्हणूनच दिसतील. फांदी पाहून भागत नाही. डहाळीच्या टोकाला शेजारी कोण आहे ते पाहावं लागतं. नमुना ४ आणि ९ यांचे शेजारी लार्ज व्हाइट आहेत. ते संशयित म्हणून वेगळे ठेवले.

९ सप्टेंबर

नमुना ११ ची फाइल काढली. फोटोत मादी पूर्ण काळी, लांब तोंडाची; जातीच्या वर्णनात चपखल बसणारी. पुन्हा डीएनए काढून पाहिला, राखलेल्या भागातून. तेच उत्तर. 'आजी कुठून आली' या रकान्यात लिहिलेलं होतं, 'आणलेली, पांढरी.' मालकाला फोन केला. ते म्हणाले, आजी खरीच पांढरी होती, तिला आणि पुढे तिच्या लेकींना इथल्याच काळ्या नराकडे नेत राहिलो, पांढरी पिल्लं विकली, काळी ठेवली.

जुळलं. लार्ज व्हाइटचा पांढरा रंग प्रभावी असतो, त्यामुळे पहिल्या वेतात पांढरीच पिल्लं. पण त्यांचा संकर काळ्या नराशी झाला की निम्मी काळी निघतात. काळी निवडत गेलं की रंग दोन पिढ्यांत पुसला जातो, केंद्रकही हळूहळू देशीकडे झुकतं. मायटो मात्र जसाच्या तसा.

उलट बाजूही तक्त्यात आहे. त्या मावशींच्या गोठ्यातलं सर्वात लहान पिल्लू अर्धं पांढरं, कान पडलेले. त्याचा बाप कोण हे विचारायला नको. त्याचा मायटो मात्र अशा देशी डहाळीवर आहे, जिथे व्यावसायिक जातीचा एकही शेजारी नाही.

१५ सप्टेंबर

अपेक्षेप्रमाणे वाद. कुणीतरी सारांशात 'शुद्ध देशी मातृवंश असलेले प्राणी संवर्धनासाठी निवडावेत' असं सुचवलं आहे. म्हणजे नमुना ११ बाद, आणि ते अर्धं पांढरं पिल्लू आत. गोठ्यात उभं राहून हे वाक्य कोणी बोलून दाखवावं.

मॅडमना लार्सन यांच्याच २००७ च्या कामाचं उदाहरण दिलं. पहिल्या शेतकऱ्यांबरोबर पश्चिम आशियातली डुकरं युरोपात गेली. जुन्या हाडांत त्यांचा मायटो सापडतो. पण पुढे तो युरोपातल्या पाळीव डुकरांतून नाहीसा झाला आणि त्याजागी तिथल्या रानडुकरांचा आला. नुसता आजच्या डुकरांचा मायटो पाहिला असता तर ती पहिली डुकरं कधी आलीच नव्हती असं म्हणावं लागलं असतं. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, 'वाक्य काढा. पण मग निवड कशावर करायची ते तुम्ही सांगा.'

रास्त आहे. उत्तर केंद्रकात आहे: ६० हजार खुणांची एसएनपी चिप (केंद्रकातले एकेका अक्षराचे फरक एकदम तपासणारी) डुकरासाठी २००९ पासून उपलब्ध आहे, नराच्या बाजूसाठी वाय गुणसूत्राच्या खुणा, आणि आमच्याकडे पडून असलेलं एकपट वाचन. दोन्ही निकष एकत्र लावायचे. केंद्रकात देशी वाटा जास्त असलेले प्राणी आधी निवडायचे, आणि त्यांच्यात जो मातृवंश दुर्मीळ आहे त्याला प्राधान्य द्यायचं. या हिशोबात नमुना ११ लाही जागा मिळू शकते. नव्या प्रस्तावाचा आराखडा मी करायचा ठरलं.

१६ सप्टेंबर

वाक्य काढलं.

२४ सप्टेंबर

क्रम जमा करायची तयारी. वर्तुळाला सुरुवात नसते, पण फाइलला लागते. साठ्यातल्या काही नोंदी डी-लूपपासून सुरू होतात, काही फेनिलॲलनिनच्या टीआरएनएपासून. आम्ही संदर्भ क्रमासारखं डी-लूपपासून घेतलं, म्हणजे तुलना करणाऱ्याला क्रम फिरवत बसावं लागणार नाही. प्रत्येक नोंदीबरोबर लिंग, रंग, आईचं आणि आजीचं मूळ, नर कुठला, हे सगळं. मालकांची नावं आणि पत्ते नाहीत. कच्चे रीड्सही ठेवले, त्यात केंद्रकाचेही. आमच्याआधी कुणी त्यातून काही काढलं तर काढो.

नमुना ११ ठेवला आहे. ४ आणि ९ पण, शेऱ्यासह.

३ ऑक्टोबर

साठ्याकडून उत्तर. तीन जनुकांचे थांबासंकेत अपुरे आहेत, खुलासा द्या. टीएए हा संकेत आरएनएला ए जोडल्याने पूर्ण होतो, हा ठरलेला शेरा तिन्हीकडे टाकून फाइल परत पाठवली. आवर्तनांच्या भोकाबद्दल कुणी काही विचारलेलं नाही.

४ ऑक्टोबर

क्रमांक मिळाले. निबंध येईपर्यंत बंद ठेवायला सांगितलं होतं, मॅडमनी आज ते काढायला लावलं. क्रम लगेच खुले होतील. चिपच्या दरपत्रकासाठी पत्र गेलं. मावशींना फोन करून सांगितलं की तुमच्या माद्यांचा वंश आम्हाला इतर कुठेच सापडला नाही. म्हणाल्या, 'मग यंदाचा नर काळा बघून देता का कुठे?' तक्त्यात जे चार काळे नर आहेत, त्यांची यादी काढतो आहे. ११ चा मुलगा त्यात धरायचा की नाही, हे चिप आल्यावर.